मक्याच्या मुलखातली रसायनशाळा

दोस्तांनो, दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक ठरलेला प्रश्न येतो. "मग काय, सायन्स, कॉमर्स की आर्ट्‌स?" आर्ट्‌स म्हटलं की काही जणांना हळहळ वाटते आणि काही जणांना मनातल्या मनात आनंद होतो. सुटलो बुवा एकदाचे त्या सूत्रांच्या आणि समीकरणांच्या तावडीतून!

मीही अशीच सुटले होते. अकरावीला आर्ट्‌स घेतलं आणि रसायनशास्त्राचं पुस्तक रद्दीवाल्याला देऊन टाकलं. पुढे बारावीनंतर शिष्यवृत्ती मिळाली आणि अमेरिकेतल्या आयोवा राज्यात इतिहास शिकायला गेले. तिथे पहिल्याच आठवड्यात एक कागद हातात पडला. पदवी हवी असेल, तर इतिहासाबरोबर एक प्रयोगशाळेचा विज्ञान विषयसुद्धा पास व्हायला हवा! चित्रकला शिकणारा असो की संगीत शिकणारी, यातून कुणाची सुटका नाही. जीवशास्त्राच्या आणि भूगर्भशास्त्राच्या वर्गातल्या जागा भरून गेल्या होत्या. उरलं काय? रसायनशास्त्र!

तर चला, आज मी तुम्हांला त्या वर्गात घेऊन जाते. पण त्याआधी तो मुलूख बघायला हवा. कारण आमचं रसायनशास्त्र त्या मुलखातूनच उगवलं होतं.

शिकागोहून बसनं पश्चिमेकडे निघालात की काही तासांनी मिसिसिपी नदी लागते. नदी ओलांडली की आयोवा राज्य सुरू. पूर्वेला मिसिसिपी, पश्चिमेला मिसूरी, आणि या दोन मोठ्या नद्यांच्या मधोमध काळीभोर सुपीक जमीन. राज्याचा आकार आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही थोडा लहान, आणि माणसं अवघी बत्तीस लाखांच्या आसपास. मग एवढ्या जमिनीवर आहे तरी काय? मका! ऑगस्टच्या अखेरीस तो पुरुषभर उंच झालेला असतो. मका संपला की सोयाबीन, सोयाबीन संपलं की पुन्हा मका. मध्येच एखादं पांढरं लाकडी घर, धान्य साठवायच्या पत्र्याच्या उंच कोठ्या, आणि गाव आलं की उंच खांबांवर पाण्याची टाकी. टाकीवर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव. डुकरं पाळायचा धंदाही मोठा. या राज्यात माणसांपेक्षा डुकरं कितीतरी जास्त आहेत, बरं का!

आमचं कॉलेज अशाच एका लहान गावात होतं. रसायनशास्त्राचा वर्ग म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचं सभागृह. समोर फळा आणि भिंतीवर मूलद्रव्यांचा भलाथोरला तक्ता. मेंडेलिव्हनं १८६९ साली असा तक्ता मांडला, तेव्हा त्यात साठेक मूलद्रव्यं होती. आज ती ११८ आहेत. मी सर्वांत मागच्या रांगेत बसले. म्हटलं, ११८ च्या ११८ पाठ करायला लावल्या तर पहिलं विमान पकडून घरी!

पण बाईंनी पहिल्या दिवशी काही पाठ करायला सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, एक दीर्घ श्वास घ्या. आम्ही घेतला. मग त्यांनी विचारलं, आत काय गेलं? "ऑक्सिजन!" सगळे ओरडले. बाई हसल्या. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के. ७८ टक्के तर नायट्रोजन! म्हणजे आपण मुख्यतः नायट्रोजन आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो. या नायट्रोजनचं नाव लक्षात ठेवा. पुढे तो परत भेटणार आहे.

विज्ञानाच्या मुलांचा वर्ग वेगळा आणि आमचा वेगळा. अमेरिकेतल्या रसायनतज्ज्ञांच्या संस्थेनं, अमेरिकन केमिकल सोसायटीनं, १९९४ साली आमच्यासारख्यांसाठी एक पाठ्यपुस्तकच काढलं. त्याची सुरुवात अणूपासून होत नव्हती, हवेपासून होत होती. मग ओझोनचा थर, तापणारी पृथ्वी, पाणी असे विषय यायचे आणि त्यांच्या पोटात रसायनशास्त्र यायचं. आमच्या बाईही याच वाटेनं शिकवायच्या.

ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पहिल्या चाचणीत शंभरापैकी एकेचाळीस मिळाले!

माझी गाडी अडली होती 'मोल'पाशी. आपल्याकडे मोल म्हणजे किंमत. या वर्गात मोल म्हणजे भलतंच काहीतरी. मी रडवेली होऊन बाईंच्या खोलीत गेले आणि विषय सोडते म्हणाले. बाईंनी माझा पेपर पाहिला आणि विचारलं, तुमच्याकडे केळी कशी विकतात? म्हटलं, डझनानं. आंबे? डझनानं, नाहीतर पेटीनं. मग अणू कसे मोजायचे? ते इतके बारीक, की डझनानं मोजून काय उपयोग? म्हणून रसायनवाल्यांनी आपला एक मोठा डझन ठरवला. त्यात बारा नाहीत, तर ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. ६०२ लिहा आणि त्यापुढे एकवीस शून्यं द्या. जवळपास तेवढे! त्या डझनाचं नाव मोल. मग त्यांनी कपात थोडं पाणी ओतलं. अठरा ग्रॅम, म्हणजे चहाचे साडेतीन चमचे. पाण्याच्या रेणूंचा एक मोल, माझ्यासमोर, कपात!

खरं सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही एक भाषा आहे. इंग्रजी येत नव्हतं तेव्हा इंग्रजीचीही भीती वाटायचीच की! मी विषय सोडला नाही.

आता प्रयोगशाळेत या. दर गुरुवारी दुपारी तीन तास. दारातच डोळ्यांवर मोठे चष्मे चढवायचे. केस मागे बांधायचे. चपला, सॅंडल चालणार नाहीत, पाय झाकणारे बूटच हवेत. कोपऱ्यात डोळे धुवायचं नळकांडं, दाराशी अंगावर पाणी सोडायचा शॉवर. कुणाच्या अंगावर आम्ल सांडलं तर साखळी ओढायची.

प्रयोगाच्या वहीचा नियम मला फार आवडला. पेन्सिल चालायची नाही, शाईनंच लिहायचं. चुकलं तर खोडायचं नाही, गिरगटायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची आणि बरोबर आकडा बाजूला लिहायचा. चूकसुद्धा वाचता आली पाहिजे! का? तर तुम्ही काय पाहिलंत याचा तो पुरावा आहे. इतिहासाच्या तासाला आमचे सर जुन्या कागदपत्रांबद्दल हेच सांगत होते. मला वाटलं होतं तितके हे दोन वर्ग एकमेकांपासून लांब नव्हते तर!

ऑक्टोबरमध्ये पाण्याचा प्रयोग आला. प्रत्येकानं घरचं नाहीतर वसतिगृहाचं पाणी बाटलीत भरून आणायचं. पहिल्या दिवशी शोधायचं, पाणी किती जड आहे ते. शाळेच्या पुस्तकात तुम्ही 'सुफेन' आणि 'दुष्फेन' पाणी वाचलं असेल. दुष्फेन पाण्यात साबणाला फेस येत नाही. तुमची आजी म्हणते ना, 'या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही गं!' ते हेच. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार जास्त असतात. आयोवात जमिनीखाली चुनखडीचे थर आहेत. त्यांतून झिरपत आलेलं पाणी चांगलंच जड असतं.

उभी काचेची नळी, म्हणजे ब्यूरेट, स्टॅंडला लावलेली. तिच्यात ईडीटीए नावाच्या रसायनाचं द्रावण. खाली शंकुपात्रात आपलं पाणी, आणि त्यात दर्शकाचे दोन-चार थेंब. पाणी द्राक्षाच्या दारूसारखं लालसर होतं. मग वरून थेंब... थेंब... थेंब... एका हातानं तोटी सांभाळायची, दुसऱ्या हातानं पात्र गोल हलवायचं. ईडीटीए एकेका कॅल्शियमला पकडून ठेवतं. शेवटचा कॅल्शियम पकडला गेला, की एका थेंबात लाल रंग जाऊन निळाशार होतो! मी पहिल्यांदा घाई केली आणि चार थेंब जास्त पडले. वहीत रेघ मारली, पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी अगदी बरोबर एका थेंबावर थांबले. एवढा आनंद मला एकेचाळीसचे एक्याऐंशी झाल्यावरही झाला नसता!

पण खरी गोष्ट पुढच्या गुरुवारी घडली.

माझ्या टेबलावरची जोडीदारीण संगीत शिकणारी होती. ती व्हायोलिन वाजवायची आणि माझ्यासारखीच रसायनशास्त्राला घाबरायची. तिचं घर जवळच्याच शेतावर. तिनं घरच्या विहिरीचं पाणी आणलं होतं. त्या दिवशी आम्हांला पाण्यातलं नायट्रेट तपासायचं होतं. प्रयोग अगदी सोपा. कागदाची पट्टी पाण्यात बुडवायची, एक मिनिट थांबायचं, आणि तिचा गुलाबी रंग बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा. जितका गडद गुलाबी, तितकं नायट्रेट जास्त.

माझ्या वसतिगृहाच्या नळाच्या पाण्याची पट्टी फिकट गुलाबी झाली. तिची पट्टी मात्र गडद होत गेली. ० नाही, ५ नाही, १० नाही... २० च्या रंगापाशी येऊन थांबली! फळ्यावर बाईंनी लिहिलं होतं : पिण्याच्या पाण्याची मर्यादा, लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रोजन.

मी म्हटलं, पट्टी खराब असेल. तिनं दुसरी बुडवली. मग तिसरी. रंग तोच. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, घरी माझ्या भावाचं बाळ आहे. तीन महिन्यांचं.

इथे थांबून तुम्हांला नायट्रेटची गोष्ट सांगायला हवी. हवेत नायट्रोजन ७८ टक्के आहे खरा, पण पिकांना तो हवेतून सरळ घेता येत नाही. जर्मनीत फ्रिट्‌झ हाबर यांनी १९०९ साली हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, आणि १९१३ पासून कार्ल बॉश यांच्या पद्धतीनं तो कारखान्यात होऊ लागला. त्यातून रासायनिक खतं आली. जगातल्या कितीतरी माणसांचं पोट आज या खतांवर भरतं. पण शेतात टाकलेलं सगळं खत पीक खात नाही. उरलेलं नायट्रेट पाण्यात चटकन विरघळतं आणि पावसाबरोबर खाली जातं. डुकरांच्या खताचंही तेच. त्यातून आयोवाची बरीच जमीन मुळात दलदलीची. शेतकऱ्यांनी जमिनीखाली पाण्याचा निचरा करणारे पाइप टाकले, म्हणून ती पिकू लागली. तेच पाइप नायट्रेटचं पाणी थेट ओढ्यात नेऊन सोडतात. ओढ्यातून नदीत, नदीतून मिसिसिपीत, आणि तिथून पार मेक्सिकोच्या आखातात!

मोठ्या माणसांपेक्षा तान्ह्या बाळांना याचा धोका जास्त. नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं, आणि मग रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेऊ शकत नाही. बाळ निळसर पडतं. विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे असं होतं, हे १९४५ साली हंटर कोम्ली या डॉक्टरांनी लिहून प्रसिद्ध केलं. आणि हे डॉक्टर कुठले? आयोवातलेच!

माझ्या मैत्रिणीनं धावत जाऊन घरी फोन लावला. मी शेजारीच उभी होते. पलीकडून तिची आई शांतपणे सांगत होती, काळजी करू नकोस, बाळाच्या दुधाची पावडर आम्ही पाणी चांगलं उकळूनच कालवतो.

उकळून! दोस्तांनो, तुमच्या-माझ्या आईनंही हेच केलं असतं. पाणी उकळलं की जंतू मरतात, हे अगदी खरं. पण नायट्रेट हा काही जंतू नाही. तो मरत नाही आणि वाफेबरोबर उडूनही जात नाही. उकळताना पाणी आटतं, नायट्रेट मात्र तेवढंच राहतं. म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं! मीठ घातलेली आमटी आटली की जास्त खारट लागते ना, तसंच. गेल्याच आठवड्यात हे वाक्य आम्ही परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्या दिवशी त्या व्हायोलिनवालीनं ते फोनवर आईला समजावून सांगितलं. घाबरत, अडखळत, पण अगदी बरोबर.

बाई काय म्हणाल्या, तेही सांगते. पट्टी म्हणजे अंदाज, निकाल नव्हे. प्रयोगशाळेत रीतसर तपासणी करून घ्या, आणि तोवर बाळाला या विहिरीचं पाणी देऊ नका. अमेरिकेत गावाच्या नळाचं पाणी सरकारी नियमानुसार तपासावं लागतं, पण घरच्या विहिरीचं पाणी तपासणं ही मालकाची जबाबदारी. त्यांच्या घरी ती विहीर कित्येक वर्षांत कुणी तपासली नव्हती. पाणी स्वच्छ दिसायचं, गार लागायचं, चवीला गोड. मग तपासायचं कशाला? दोन आठवड्यांनी अहवाल आला : १७. बाळ सुदैवानं ठणठणीत होतं. त्याच्यासाठी बाटलीतलं पाणी सुरू झालं.

थॅंक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी त्यांच्या घरी गेले. मका काढून झाला होता, शेतं उघडी पडली होती, बोचरा वारा सुटला होता. जेवताना तिचे वडील फार बोलले नाहीत. मग म्हणाले, खत कमी टाकलं तर पीक कमी येणार, पीक कमी आलं तर बॅंकेचा हप्ता थकणार. आणि शेजाऱ्यानं टाकलेलं खत माझ्या विहिरीत येणार नाही कशावरून? मला उत्तर आलं नाही. कुणाला खलनायक ठरवून मोकळं व्हावं, इतका हा प्रश्न सोपा नाही. राज्याची राजधानी डि मॉइन. ती नद्यांचं पाणी पिते. तिथल्या पाणीखात्याला नायट्रेट काढायचं वेगळं यंत्रच बसवावं लागलं आहे. तरीही २०२५ च्या उन्हाळ्यात नद्यांतलं नायट्रेट इतकं वाढलं, की त्या भागात अंगणातल्या हिरवळीला पाणी घालायला बंदी करावी लागली. रसायनशास्त्र तुम्हांला आकडा सांगतं. पुढे काय करायचं, हे मात्र शेतकरी, गावकरी, वकील, पत्रकार, मतदार यांनी मिळून ठरवायचं असतं. मग त्यांना तो आकडा वाचता यायला नको का?

सत्र संपल्यावर मी एक छोटी सहल केली. तुमच्यापैकी अनेकांनी वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक वाचलं असेल. ते जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर याच आयोवात शिकले! डि मॉइनच्या दक्षिणेला इंडियनोला नावाचं गाव आहे. तिथल्या सिम्प्सन कॉलेजात ते १८९० साली आले, ते चित्रकला आणि पियानो शिकायला. त्यांची झाडाफुलांची चित्रं पाहून एटा बड या त्यांच्या चित्रकलेच्या शिक्षिकेनं त्यांना वनस्पतिशास्त्राची वाट दाखवली. मग ते डि मॉइनच्या उत्तरेला एम्स गावी शेतकी महाविद्यालयात गेले. १८९४ मध्ये पदवी, १८९६ मध्ये पुढची पदवी. पण रंग सोडले का? मुळीच नाही. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचं चित्र लागलं होतं. एम्सच्या विद्यापीठात आज त्यांच्या नावाची इमारत आहे. बर्फात त्या इमारतीसमोर उभी राहून मी विचार केला, यांना कुणी दहावीनंतर विचारलं असतं, 'सायन्स की आर्ट्‌स?', तर यांनी काय सांगितलं असतं?

आपल्याकडेही आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विषयांमधल्या या भिंती कमी करायचं ठरलं आहे. पण भिंत पडायची वाट कशाला बघायची? तुम्ही आर्ट्‌सला जा, कॉमर्सला जा, गाणं शिका. फक्त रसायनशास्त्राचं पुस्तक माझ्यासारखं रद्दीत घालू नका.

आणि हो, एक काम सांगते. तुमच्या गावात प्यायचं पाणी विहिरीचं किंवा बोअरचं असेल, तर ते शेवटचं कधी तपासलं, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. आपल्या राज्यातही अनेक ठिकाणी भूजलात नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आहे. अहवालात आपल्याकडची मर्यादा ४५ दिसेल, तेव्हा गोंधळू नका. आपण संपूर्ण नायट्रेट मोजतो, अमेरिकेत त्यातला फक्त नायट्रोजन मोजतात. त्यांचे १० म्हणजे आपले सुमारे ४४. दोन्ही मर्यादा जवळपास सारख्याच!

माझा शेवटचा निकाल? अठ्ठ्याहत्तर. व्हायोलिनवालीला मात्र चौऱ्याऐंशी मिळाले. आणि ते बाळ आता रांगून-चालून, शाळेतही जायला लागलं आहे.